दहावी कुठली, ते आधी ठरवा!

बिद्रीच्या साखर कारखान्याच्या परिसरात परदेशी जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. एके काळी या भागातला माणूस गिरणीत नोकरीला म्हणून मुंबईला गेला, तरी गाव त्याला निरोप द्यायला एस.टी. स्टँडवर जमत असे. आता गारगोटीच्या आयसीआरईतून डिप्लोमा करून किंवा कोल्हापुरात इंजिनिअर होऊन मुलगा पुण्याला जातो आणि चार-पाच वर्षांनी कंपनी त्याला दुबई, मस्कत, सिंगापूर, नाही तर जर्मनीला धाडते. तो आधी एकटा जातो. मग लग्न होते, मुले होतात आणि एक दिवस फॅमिली व्हिसा हाती येतो. त्यानंतर घरात प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. पगार किती, घरभाडे किती, तिकडे जोंधळ्याचे पीठ मिळते का, उन्हाळा किती. आजी विचारते, "पोरास्नी तितलं पाणी सोसंल न्हवं?" शाळेचा प्रश्न मात्र सगळ्यांत शेवटी येतो आणि त्याचे उत्तर सगळ्यांत लवकर दिले जाते. "तितं इंटरनॅशनल स्कूल हाय की!" एवढ्यावर विषय संपतो.

तो तिथेच संपू नये, यासाठी हा लेखनप्रपंच. घर पसंत पडले नाही तर सहा महिन्यांनी बदलता येते. शाळेचे तसे नसते. आईबापांचा प्रश्नच मुळात उलटा असतो. ते विचारतात, "तिथली चांगली शाळा कुठली?" विचारायला हवे ते हे, की त्या शाळेतून आमचे मूल पुढे कुठे जाणार? तीन वर्षांनी कंपनीने परत बोलावले तर? पाच वर्षांनी तिसऱ्याच देशात पाठवले तर? दहावीची परीक्षा कोणत्या गावी, कोणत्या मंडळाची? हे एकदा ठरले, निदान अंदाजाने तरी ठरले, की शाळांची लांबलचक यादी आपोआप दोन-तीन नावांवर येते.

'इंटरनॅशनल' हा शब्द शाळेच्या पाटीवर आला कुठून, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हा शहरात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या कचेऱ्या उघडल्या. देशोदेशीचे अधिकारी बायकामुलांसह तिथे राहायला आले. त्यांच्या मुलांसाठी १९२४ साली जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. शाळा चांगली चालली, पण अडचण वेगळीच उभी राहिली. बापाची बदली झाली की मूल मायदेशी जाई आणि तिथले विद्यापीठ विचारी, तू नेमका कोणत्या परीक्षेला बसलास? एकाच इमारतीत कोणाला फ्रेंच परीक्षेची, कोणाला इंग्रजी परीक्षेची, कोणाला अमेरिकन परीक्षेची तयारी करून द्यावी लागे. या कटकटीतून सुटका म्हणून १९६८ साली जिनिव्हातच इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजे आपण ज्याला आय.बी. म्हणतो ती व्यवस्था जन्माला आली. केंब्रिजची आयजीसीएसई ही परीक्षा त्यानंतरची, १९८८ सालची. म्हणजे गंमत पाहा, ज्या शब्दाची आपल्याला भुरळ पडते तो मुळात ऐटीसाठी नव्हताच. बदलीच्या नोकरीतल्या माणसाच्या मुलाचे पुढचे दार बंद होऊ नये, एवढ्यासाठी तो होता.

आपल्याकडे या शब्दाचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. हायवेला लागून चार खोल्या, पुढे एक घसरगुंडी, वर 'इंटरनॅशनल स्कूल'. सरकारलाही मोह आवरला नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये 'महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ' स्थापन केले, जिल्हा परिषदेच्या निवडक शाळा त्याला जोडल्या आणि दोन-तीन वर्षांत ते मंडळ गुंडाळूनही टाकले. सीबीएसईने २०१० साली परदेशांतल्या शाळांसाठी 'सीबीएसई-आय' नावाचा खास अभ्यासक्रम काढला होता. तोही पुढे बंद झाला. त्यात शिकत असलेली मुले मधल्या इयत्तेतच दुसऱ्या अभ्यासक्रमात गेली. तेव्हा शाळेची पाटी वाचण्यापेक्षा तिच्या मुलांनी आजवर कोणत्या मंडळाची दहावी-बारावी दिली आणि ती पुढे कुठे गेली, हे विचारावे. ज्या शाळेची एकही तुकडी अजून बाहेर पडलेली नाही, तिथे आपल्या मुलाला पहिल्या तुकडीत बसवण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

आखातातली गोष्ट घेऊ, कारण आपल्या भागातली पुष्कळ माणसे तिकडेच जातात. दुबईत परदेशी माणसांची मुले बहुतांशी खाजगी शाळांतच शिकतात. या शाळा अभ्यासक्रमावरून ओळखल्या जातात. भारतीय, म्हणजे मुख्यतः सीबीएसईच्या. ब्रिटिश. अमेरिकन. आणि आय.बी.च्या. भारतीय शाळांची फी सर्वसाधारणपणे सर्वांत कमी आणि ब्रिटिश किंवा आय.बी. शाळांची तिच्या कित्येक पट. समजा, महिना १२ हजार दिरहम पगार आहे आणि दोन मुलांची मिळून वर्षाची फी ५० हजार दिरहम झाली, तर चार महिन्यांचा पगार शाळेलाच गेला. शिवाय बस, गणवेश, पुस्तके वेगळी. कंपनी फी देते की नाही, देत असेल तर किती मुलांची आणि कुठल्या इयत्तेपर्यंत, हे नेमणूकपत्रावर सही करण्याआधी लिहून घ्यावे. "बघू की, देत्यात म्हणं" या भरवशावर गेलेल्या माणसाची फार ओढाताण होते.

दुबई सरकारच्या शिक्षण खात्याने २००८ पासून खाजगी शाळांच्या तपासण्या सुरू केल्या. त्या अहवालांत शाळेला उत्कृष्ट, चांगली, जेमतेम अशी श्रेणी असते आणि गणित, विज्ञान, इंग्रजी यांचे शिकवणे कसे आहे, तेही स्पष्ट लिहिलेले असते. हे अहवाल कोणालाही वाचता येतात. आपल्याकडे एवढी सोय असती तर काय बहार झाली असती! असो. ओमानची तऱ्हा जरा निराळी आहे. तिथल्या इंडियन स्कूल या भारतीय समाजाच्या शाळा, नफ्यासाठी न चालवलेल्या. मस्कतची इंडियन स्कूल १९७५ पासून चालू आहे. इमारतीचा फार थाट नाही, वर्गात गर्दी, पण तिथून कोल्हापूरला परतलेल्या मुलाला पुढच्या इयत्तेत बसायला त्रास होत नाही.

वेळेचा हिशेब मात्र अनेकांचा चुकतो. आपली राज्य मंडळाची शाळा जूनमध्ये सुरू होते. आखातातल्या भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, ब्रिटिश-अमेरिकन शाळांचे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि जुलै-ऑगस्ट उन्हाळी सुटी. मे महिना गावी आंबे खाऊन जूनमध्ये निघालेले कुटुंब तिथे पोचते तेव्हा भारतीय शाळेतल्या मुलांचे दोन-अडीच महिने शिकून झालेले असतात आणि शाळा सुटीवर निघालेली असते. त्यातून हव्या त्या इयत्तेत जागा नसते ती वेगळीच. जायचे नक्की झाले की जानेवारीतच अर्ज करावा.

युरोपात पाऊल टाकले की सारे चित्रच पालटते. जर्मनीत सरकारी शाळेत फी नाही आणि मुलाला शाळेत घालणे कायद्याने बंधनकारक आहे. घरी बसवून शिकवू म्हणाल तर चालत नाही. शिक्षण अर्थातच जर्मन भाषेत. तिथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षाच्या सुमारास, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात: विद्यापीठाकडे नेणारी शाळा एकीकडे, धंदेशिक्षणाकडे नेणारी दुसरीकडे. आता विचार करा. पाच वर्षांचे मूल तिथे गेले तर वर्षभरात खेळता खेळता जर्मन बोलू लागते आणि चौथीच्या वळणापर्यंत इतरांच्या बरोबरीला येते. तेच मूल नऊ वर्षांचे असताना गेले तर भाषा यायच्या आतच ते वळण समोर येऊन ठाकते. मूल हुशार असूनही मागे पडल्यासारखे दिसते. पुढे वाट बदलता येत नाही असे नाही, पण तो वळसा लांबचा. नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या आईबापांनी इंग्रजी शाळेचा खर्च झेपतो का, की एखादे वर्ष थांबून आधी भाषेची तयारी करून घ्यावी, याचा विचार जाण्यापूर्वी करावा. हॉलंडमध्ये मुले चौथ्या वर्षी शाळेत जाऊ लागतात आणि पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची. नव्याने आलेल्या मुलांसाठी डच भाषेचे वेगळे वर्ग असतात. ठरावीक मुदतीसाठी आलेल्या परदेशी नोकरदारांच्या मुलांसाठी सरकारी मदतीवर चालणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळाही आहेत. त्यांची फी पूर्ण खाजगी शाळांपेक्षा पुष्कळ कमी.

आपली माणसे अशा सरकारी शाळेला नाक मुरडतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. "एवढं परदेशात येऊन पोराला सरकारी शाळेत घालायचं?" बिद्रीहून मुधाळ तिट्ट्यावरून पुढे गेले की गारगोटी लागते. तिथले मौनी विद्यापीठ ज्यांनी उभे केले त्यांतले एक जे. पी. नाईक. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा हा माणूस पुढे कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव झाला. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या त्या आयोगाने सांगितले होते, की प्रत्येक मुलाने आपल्या वस्तीतल्या शाळेतच जावे, श्रीमंताच्या आणि गरिबाच्या मुलाने एकाच बाकावर बसावे. ते आपल्याकडे झाले नाही. हॉटेलवाल्याचे पोर आणि इंजिनिअरचे पोर एका वर्गात बसलेले आज ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जर्मनीतली एखादी प्राथमिक शाळा पाहावी. बहिरेवाडीच्या माणसाचे म्हणणे समजून घ्यायला आपल्याला इतक्या दूर जावे लागते!

अमेरिकेत तर शाळा निवडणे म्हणजे घर निवडणे. ज्या पत्त्यावर राहाल त्या पत्त्याची सरकारी शाळा, फी नाही. चांगल्या शाळेच्या हद्दीत घरभाडे चढे असते. फी भाड्यातून जाते म्हणा ना! सिंगापूरमध्ये सरकारी शाळांत परदेशी मुलाला प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि जागा मोजक्या. तिथे मातृभाषा म्हणून तमिळ शिकता येते, शिवाय हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू. मराठी नाही. आपले पोर हिंदी घेते. जपानमध्ये टोकियोत २००४ पासून भारतीय अभ्यासक्रमाची शाळा आहे. तिच्या आसपास भारतीय कुटुंबांची वस्ती वाढली आणि आता जपानी आईबापही इंग्रजी आणि गणितासाठी आपली मुले तिथे घालतात.

आता मुख्य मुद्दा: परतीचा. मूल डॉक्टर व्हावे ही आपल्या भागातली फार मोठी हौस. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या असतात. त्यासाठी सर्वसाधारण नियम असा, की विद्यार्थ्याने दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण झालेल्या असाव्यात. अधिवासाचा दाखला वेगळा. केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांसारख्या काही थोड्यांना सवलत आहे, खाजगी कंपनीतल्या नोकरदाराला नाही. म्हणजे कागलच्या माणसाचा मुलगा, जन्म कोल्हापुरातला, सात-बारा बिद्रीचा, आणि दहावी तेवढी दुबईची झाली, तर कोल्हापूरच्या शाहू महाराज वैद्यकीय महाविद्यालयातल्या राज्य कोट्याच्या जागेवर त्याचा हक्क उरत नाही. मग राहतो देशपातळीवरचा १५ टक्क्यांचा कोटा किंवा अनिवासी भारतीयांच्या जागांची अवाढव्य फी. नीटची परीक्षा २०२१ पासून कुवेत-दुबईतही देता येऊ लागली, तेव्हा पुष्कळांना वाटले की प्रश्न सुटला. परीक्षा तिकडे देता येते, जागा इकडच्या नियमानेच मिळते. इंजिनिअरिंगचे नियम त्या मानाने सैल आहेत, आईवडिलांचा अधिवास तिथे उपयोगी पडतो. हे सारे प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असते आणि ती दरवर्षी नव्याने वाचावी लागते. पण ती वाचली जाते कधी? मुलगा बारावीत गेल्यावर! वाचायला हवी तो सातवीत असताना.

सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम धरतात, अकरावी-बारावीचेही तेच. दहावीत किंवा बारावीत थेट प्रवेश वडिलांची बदली वगैरे कारण दाखवल्याशिवाय मिळत नाही, आणि विषय जुळले नाहीत तर कारण असूनही अडचण येते. तेव्हा हलायचे तर आठवीच्या आत हलावे, परतायचे तर नववीच्या आरंभी परतावे. मधल्या वर्षात मुलाला उचलू नये, मग पगारवाढ कितीही असो. पुन्हा इथे आल्यावर मराठी आहेच. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे केले आहे. चार वर्षे परदेशी काढलेले पोर सातवीत येऊन बसते आणि त्याला जोडाक्षर वाचता येत नाही, तेव्हा त्याची जी केविलवाणी अवस्था होते ती वर्गातल्या इतर मुलांच्या हसण्याने आणखी वाढते.

या सगळ्या भानगडी नकोत म्हणून काही घरे तिसराच मार्ग धरतात. बाप एकटा आखातात राहतो. आई मुलांना घेऊन कोल्हापुरात फ्लॅटवर, शाळेच्या जवळ. किंवा मुले गावी आजी-आजोबांपाशी. मार्क चांगले पडतात, यात शंका नाही. पण बाप वर्षातून एकदा महिनाभर येतो, पाहुण्यासारखा. मुलगा त्याला 'अहो पप्पा' म्हणतो आणि दोन दिवस त्याच्यापुढे यायला लाजतो. माझे मत विचाराल तर, मूल बारा वर्षांच्या आत असेल तर शाळा मध्यम का असेना, सगळ्यांनी एकत्र जावे. त्या वयात गमावलेले गणित भरून काढता येते. नववीनंतर मात्र एकट्याने राहण्याचा विचार करण्यासारखा आहे, आणि त्या वयाच्या मुलाला विचारूनच तो करावा.

मूल दूर पाठवण्याचा कागलला जुना अनुभव आहे. कागलच्या घाटगे घराण्यातला एक मुलगा १८८४ साली कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेला आणि पुढच्याच वर्षी, अकराव्या वर्षी, राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकायला गेला. मुलूख परका, भोवतालची बोली गुजराती, शिकवणे इंग्रजी. तिथे चार वर्षे, मग १८९० पासून धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली आणखी चार. हेच शाहू महाराज. त्यांच्या बाबतीत दोन गोष्टी आधीच नीट लावलेल्या होत्या. धाकटे बंधू बापूसाहेब बरोबर होते. आणि शिक्षण संपल्यावर यायचे कुठे, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. पुढे त्यांनीच १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले आणि मग इतर जातीजमातींची वसतिगृहे निघत गेली. खेड्यातल्या मुलाला शहरातली शाळा मोकळी करून द्यायची तर आधी त्याच्या राहण्याजेवणाचे बघावे लागते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

कागदपत्रांबद्दल थोडे. शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, जन्माचा दाखला, लस टोचल्याची नोंद हे सगळे मूळ प्रतीत लागते. दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, मग मंत्रालय, मग परराष्ट्र खाते आणि दुबईसाठी दूतावासाचाही शिक्का. देश बदलला की शिक्के बदलतात. नावाचा घोळ सर्वांत वाईट. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी; जन्मनोंदीत बापाचे नाव एका स्पेलिंगने, पासपोर्टवर दुसऱ्याच. आपल्या मागच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती तारीख टाकली! तिकडच्या कारकुनाला यातले काही सांगून उपयोग नसतो. नाव एकसारखे करून घ्यायला कोल्हापुरात दोन-तीन महिने सहज जातात.

राहता राहिली भाषा. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आधाराने गावोगावी मराठी शाळा चालतात, आठवड्यातून एकदा, तास-दोन तास. मॉरिशसमध्ये तर सरकारी शाळांत मराठी शिकवतात. जिथे यातले काही नाही तिथे बालभारतीची पुस्तके आहेत; ती फुकट उतरवून घेता येतात. पण नुसते पुस्तक समोर ठेवून पोर वाचत नाही, त्याला वाचायला काही कारण लागते. हॉलंडमध्ये गेलेल्या आपल्या भागातल्या एका कुटुंबात आजोबांनी त्यावर तोड काढली आहे. हंगामात उसाची काटापावती आली की ते फोनवर तिचा फोटो पाठवतात आणि रविवारी व्हिडिओवर नातवाला म्हणतात, "चष्मा सापडंना बाळा, वाच बघू काय लिवलंय." सात वर्षांचा नातू अडखळत वाचतो: सभासदाचे नाव, उसाची जात, भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन. मग वजाबाकी बरोबर आहे का, ते तपासतो. गेल्या हंगामात त्याने एका पावतीवरचे गट नंबर चुकल्याचे दाखवून दिले आणि आजोबांनी ती पावती घेऊन गट ऑफिस गाठले.